नखाची घडी

हे सगळं घडलं २०२३ सालच्या जानेवारीत. संक्रांत होऊन गेली होती, घरोघरी हळदीकुंकवं चालू होती आणि जवळच्या पनागर गावचा मटार इतका उतरला होता की सकाळी ओमतीच्या चौकात हातगाड्यांमधून वाट काढत जावं लागायचं. त्या महिन्यात आमच्या विदर्भ सहविचार मंडळाची निवडणूक झाली आणि माझे धाकटे दीर दिनकर वैरागडे अध्यक्षपदाला उभे राहिले. मी तेव्हा पंच्याहत्तरीची होते. आता डोळे बरेच गेले आहेत, पण तो दिवस लख्ख दिसतो.

मंडळ जुनं. वऱ्हाड-नागपूरकडून इकडे हिंदी मुलखात रेल्वेत, कोर्टात, तोफांच्या कारखान्यात नोकरीला आलेल्या लोकांनी वर्गणी काढून ओमतीमागच्या गल्लीत दुमजली इमारत बांधली होती. वर सभागृह, खाली एका अंगाला वाचनालय आणि दुसऱ्या अंगाला आमचा रेणुका छापखाना. सासऱ्यांनी तो तिथं भाड्याच्या जागेत मांडला आणि दोन्ही मुलांना त्याच शाईत वाढवलं. आमचे हे गेल्यावर माझा विपुल कंपनीच्या नोकरीत गेला. मग दिनकरभाऊजी आणि त्यांची बायको क्षमा, असे दोघंच तो चालवू लागले.

लग्नपत्रिका केव्हाच कॉम्प्युटरवाल्यांकडे गेल्या होत्या. बिलबुकं गेली, पंचांगं गेली. भाऊजींकडे एक काम टिकून होतं, ते मतपत्रिकांचं. सराफ्यातले व्यापारी, वकील, कामगारांच्या संघटना, पतपेढ्या, ज्यांना म्हणून आपसात निवडणूक घ्यायची असेल ते वैरागड्यांकडे यायचे. भाऊजी मतपत्रिका नुसती छापत नसत, आधी ती बसून आखत. दोन नावांमधली रेघ इतकी रुंद हवी की हात कापणाऱ्या म्हाताऱ्याचा शिक्का दोन्हीकडे पडू नये. एकाचं नाव लांब आणि दुसऱ्याचं आखूड असलं, तरी दोघांना जागा सारखी मिळायला हवी. कागद असा हवा की शिक्क्याची शाई पाठीमागून दिसणार नाही. ते म्हणायचे, "वहिनी, मतपत्रिकेला चेहरा नसावा. शंभर कागद टेबलावर टाकले तर कोणता कोणाचा, हे कोणाच्या बापाला कळलं नाही पाहिजे."

त्या वर्षी अध्यक्षपदाला आधी अर्ज आला तो आनंद सरनाईकांचा. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पुण्याहून तीन वर्षांपूर्वी बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. गणपतीत स्वतः खुर्च्या उचलायचा. पण त्याचं म्हणणं असं की इमारतीचं छत गळतं, वाचनालयात कोणी येत नाही, तेव्हा खालचा मजला एका कोचिंग क्लासला द्यावा आणि येणाऱ्या भाड्यातून वरचं सभागृह नीट करावं. खालचा मजला म्हणजे आमचा छापखाना. सरनाईक निवडून आले तर छापखाना उठणार, म्हणून भाऊजींनी अर्ज भरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मतपत्रिका छापलेला माणूस सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा स्वतः उभा राहिला.

लगेच प्रश्न आला की मतपत्रिका छापायच्या कोणी. निवडणूक अधिकारी होते रामकृष्ण पांढरीपांडे, निवृत्त जज्ज. त्यांनी सभा बोलावली. सरनाईक उठून म्हणाले, "काकांबद्दल मला आदर आहे. पण जो उमेदवार, त्यानंच मतपत्रिका छापायच्या, हे बरं दिसत नाही. मी बाहेरून डिजिटलवर छापून आणतो."

"आणि तुम्ही उमेदवार नाही का?" मागून बेबीताई ओरडल्या. त्यांच्या तोंडाला मंडळात सगळे वचकून असत. "तुम्ही आणल्या तर बऱ्या दिसतात वाटते!"

हशा झाला. सरनाईकही हसले. भाऊजी मात्र उभे राहिले आणि म्हणाले, "ते बरोबर बोलून राहिले. माझ्याकडे नका छापू."

पांढरीपांडे चष्मा पुसत म्हणाले, "अच्छा, आता माझं ऐका. दिनकररावांनीच छापायच्या. प्रत्येक कागदाच्या पाठीवर मी सही करीन. मंडळात एवढाही भरवसा नसेल तर निवडणूक काहून घेता, पत्ते खेळा. चलो, पुढचा विषय."

मग छपाई झाली. त्यात भाऊजींनी जे केलं ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. नावं अकारविल्हे लावायची मंडळाची पद्धत, त्यामुळे आनंद वर आणि दिनकर खाली. चिन्ह आधी सरनाईकांनी निवडलं, समई. भाऊजींनी छत्री घेतली. दोन्हीचे धातूचे ठसे सासऱ्यांच्या वेळचे. छत्रीचा ठसा फारसा न वापरलेला, म्हणून ठसठशीत उठायचा. समईचा झिजलेला, तिची ज्योत पुसट यायची. भाऊजींनी समईच्या खाली कागदाचे पातळ तुकडे लावले, एक छाप काढला, पुन्हा एक तुकडा लावला, पुन्हा छाप. अर्धी दुपार त्यात गेली.

"तुमची छत्री इतकी काळी नि त्याची समई फिकी, कोणाला कळणार होतं?" मी म्हटलं.

"मला कळलं असतं ना वहिनी," ते म्हणाले आणि छपाईच्या यंत्राला, आमच्या भाषेत गाडीला, तेल घालू लागले.

आता घडीचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा छापखान्यात घडीचं सगळं काम घरातल्या बायका करत. पंचांगाचे फर्मे म्हणजे छापलेले मोठे ताव, पत्रिका, जाहिराती. सासऱ्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं ते स्वयंपाकाचं नव्हे, कागदाचं. घडी बरोबर मध्यावर घालायची नाही. वरचा पदर खालच्यापेक्षा गव्हाच्या दाण्याइतका आखूड ठेवायचा, म्हणजे उघडताना अंगठा सहज आत जातो. मग मधोमध अंगठ्याचं नख टेकवून एका बाजूला ओढायचं. रेघ अशी बसते की कागद पुन्हा फुगत नाही. मी डावखुरी, त्यामुळे माझी रेघ उलट्या बाजूला खोल जायची. सासरे फर्मा हातात घेऊन म्हणत, "ही मोठीची." क्षमा आली तेव्हा तिला मी शिकवलं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला. ती बोलत बोलत घड्या घालायची आणि तिचा गठ्ठा करवतीनं कापल्यासारखा दिसायचा. ही घडी येणारी माणसं कमी होत गेली. २०२३ साली भाऊजी, क्षमा आणि मी, एवढीच उरलो होतो.

मतदानाच्या दोनेक दिवस आधी क्षमा माझ्याकडे मटार सोलायला आली. पनागरला तिचं माहेर, तिच्या भावानं पोतंभर पाठवला होता. आम्ही गच्चीवर उन्हात बसलो. ती सोलत होती, पण दाणे सालांत पडत होते आणि सालं दाण्यांत.

"काय गं, कुठं लक्ष आहे?"

"ताई, हे जिंकतील का?"

"लोक म्हणतात जिंकतील."

तिनं सालांत पडलेले दाणे वेचून घेतले. मग म्हणाली, "मी थकली ना ताई. त्या खोलीत खाली बसली की मला उठवत नाही. शाईच्या वासानं आताशा डोकं धरते. गीता रोज फोनवर म्हणते, आई, नागपूरला ये. दुर्वा सहा वर्षांची झाली, तिला मी म्हणजे फोनमधली आजी."

"मग भाऊजींना काहून नाही सांगत?"

"काय सांगू? चाळीस वर्षांत एकदा म्हणली नाही. आता म्हणली तर ते अर्ज मागे घेतील. एका शब्दानं घेतील, मला माहीत आहे. आणि मग रोज सकाळी चहा पिताना माझ्याकडे पाहतील." तिनं हातातली शेंग मोडली. "त्यापेक्षा ते आपले आपण हरले तर बरं. कोणाचाच दोष नाही. लोकांनी पाडलं, संपलं."

"असं बोलू नये," मी म्हटलं.

"तुम्हालाच बोलली. कुठं बोलू नका."

मी कुठं बोलले नाही. खरंच नाही.

रविवारी मतदान झालं. सभागृहाच्या कोपऱ्यात पडदा लावला होता, आत टेबलावर शिक्का नि शाईची गादी. लोक जरीच्या साड्या, कोट घालून आले होते, लग्नाला यावं तसे. तरुण पोरं हिंदीत बोलत होती, "दीदी, मुहर किधर लगानी है?" बेबीताई त्यांना दरडावून मराठीत उत्तर देत होत्या. भाऊजी दारात उभे राहून सगळ्यांना नमस्कार करत होते. सरनाईक त्यांच्या शेजारी. मध्येच सरनाईकांनी त्यांना खुर्ची आणून दिली.

क्षमा माझ्या पुढे रांगेत होती. पडद्यामागे गेली आणि लगेच बाहेर आली. कागद पेटीत टाकला, पदर सारखा केला आणि स्वयंपाकाच्या खोलीत चहाचं पाहायला निघून गेली.

दुपारी मोजणी. एका टेबलाशी पांढरीपांडे, समोर दोन्ही उमेदवार, प्रत्येकाच्या शेजारी त्यांचं एक माणूस. भाऊजींचं माणूस मी. जज्जसाहेब एकेक कागद उघडत, दोघांना दाखवत आणि समईच्या किंवा छत्रीच्या ढिगावर ठेवत. लोकांनी काय काय घड्या घातल्या होत्या! कोणी औषधाच्या पुडीसारख्या, कोणी चार-चार वेळा दुमडून गोळी केलेल्या. जज्जसाहेब वैतागले. "मत दिलं की तंबाखू बांधली?"

मध्येच एक आमच्या घडीचा कागद आला. वरचा पदर आखूड, रेघ कडक. छत्रीवर शिक्का. भाऊजींनी माझ्याकडे पाहून किंचित भुवई उचलली. तो त्यांचा स्वतःचा होता. थोड्या वेळानं दुसरा आला, रेघ उलट्या बाजूला खोल. तोही छत्रीचा. ते हळूच म्हणाले, "मोठीची." मला हसू आलं. सासरे जाऊन किती वर्षं झाली होती.

छत्रीचा ढीग वाढत होता. समईचाही वाढत होता, पण मागे पडत होता. सरनाईक मोबाइल खिशात टाकून आता नीट बसले होते. तेवढ्यात जज्जसाहेबांच्या हातात एक कागद आला आणि अंगठा लावताच अलगद उघडला.

"वा! ही घडी पाहा," ते खूश होऊन म्हणाले. "सगळ्यांनी अशी घातली असती तर मी एव्हाना घरी जेवून झोपलो असतो." आणि त्यांनी कागद आमच्यासमोर धरला.

शिक्का समईवर होता. चौकटीच्या बरोबर मध्यभागी, सरळ, कुठं शाई फरफटली नव्हती.

भाऊजींनी हात पुढे केला. उमेदवाराला कागद पाहता येतो, जज्जसाहेबांनी दिला. भाऊजींनी तो उलटा केला, सही पाहिल्यासारखं केलं आणि अंगठा त्या रेघेवरून एकदा फिरवला. स्वयंपाकाच्या खोलीतून कपबश्यांचा आवाज येत होता. मी टेबलाकडे पाहत बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं. पण त्यांनी पाहिलं नाही.

सरनाईक थट्टेनं म्हणाले, "काका, अस्सल आहे हो, तुमचीच छपाई."

"हो," भाऊजी म्हणाले. "बरोबर आहे. अगदी बरोबर पडलं आहे." आणि तो कागद त्यांनी स्वतःच्या हातानं समईच्या ढिगावर ठेवला, कडा जुळवून.

त्यानंतर किती कागद उघडले गेले, मला आठवत नाही. भाऊजी जिंकले. अगदी थोडक्यात नाही, चांगले जिंकले. सरनाईकांनी वाकून त्यांना नमस्कार केला. बेबीताईंनी हार घातला आणि म्हणाल्या, "आता पार्टी पाहिजे, छत्रीवाले!" क्षमा आतून पेढ्याचं ताट घेऊन आली. तिनं हसत एक पेढा त्यांच्या तोंडात घातला. ते तिच्याकडे पाहत राहिले. पेढा चावायलाही त्यांना वेळ लागला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. दमलो."

घरी जाताना ते माझ्या बाजूनं चालत होते, क्षमा पुढे बेबीताईंबरोबर. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. पण होकाराची मान हलवली.

"मला काहून नाही बोलली ती?" ते म्हणाले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी हातानंच थांबवलं. "राहू द्या. मी विचारलं नाही कधी, हे खरं. तिला मात्र सांगू नका की मला दिसलं. ज्यानं मत टाकलं त्याला वाटलं पाहिजे की ते कोणालाच दिसलं नाही. नाहीतर मी आयुष्यभर केलं काय?"

दुसऱ्या दिवशी ते पांढरीपांड्यांकडे गेले आणि राजीनामा देऊन आले. छापखान्याची जागा महिन्याभरात मंडळाला मोकळी करून देतो, असंही सांगून आले. घरी येऊन क्षमाला म्हणाले, "गुडघे दुखून राहिले माझे. गीताकडे जाऊ आपण."

मी तिथंच होते. क्षमाच्या हातात कणकेचा गोळा होता. ती म्हणाली, "काय म्हणून राहिले तुम्ही? काल जिंकले, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि आज सोडून?"

"झालं तेवढं पुरे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील म्हातारा सटकला. म्हणू दे."

तिला आनंद व्हायला हवा होता. मला वाटतं तो झालाही, पण त्याच्या बरोबरीनं भीतीही आली असावी. ती दोन दिवस त्यांच्या मागे मागे फिरत होती, "बरं वाटते ना? डॉक्टरकडे जायचं का?" म्हणत. मग संध्याकाळी माझ्याकडे आली. दार लावून घेतलं.

"ताई, तुम्ही सांगितलं ना त्यांना?"

"देवाशपथ नाही."

"मग हे असं कसं?"

मी म्हटलं, "वय झालं त्यांचं. दमले असतील." तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ती विचारेल की मोजणीच्या वेळी काय झालं. पण तिला तसं काही सुचलं नाही. मताचा कागद पेटीत गेला म्हणजे संपला, अशी तिची समजूत होती, आणि ती भाऊजींनीच तिला चाळीस वर्षं शिकवली होती.

छापखाना मोकळा करताना मी एकदाच गेले. भाऊजी छपाईच्या खिळ्यांचे खण उपसून पोत्यात भरत होते. अक्षरं धातूची, भंगारवाला वजनावर नेणार होता. मी म्हटलं, सासऱ्यांची आठवण म्हणून एक खण राहू द्या. ते म्हणाले, "कशाला वहिनी? विपुलच्या घरी धूळ खाईल." छापायची गाडी न्यायला माणसं आली तेव्हा ते बाहेर वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसले. आवाज ऐकायचा नव्हता त्यांना. क्षमा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तिचा हात झटकला नाही आणि धरलाही नाही.

होळीच्या आधी ते दोघं नागपूरला गेले. स्टेशनवर मी गेले होते. गाडी सुटेपर्यंत भाऊजी खिडकीतून, फलाटावर लावलेल्या कुठल्याशा जाहिरातीकडे पाहत होते आणि मला म्हणाले, "रंग सरकले आहेत बघा." त्यांच्याशी समोरासमोर झालेलं ते माझं शेवटचं बोलणं.

मंडळाची निवडणूक पुन्हा झालीच नाही. सगळ्यांनी हात वर करून सरनाईकांना अध्यक्ष केलं. वर्षभरात त्यांची बदली रायपूरला झाली. कोचिंग क्लास आला, त्यानं खालच्या भिंती पाडल्या, वाचनालयाची पुस्तकं वरच्या सभागृहात पेट्यांमध्ये पडून आहेत. छत अजून गळतं. पांढरीपांडे आता कोणाला ओळखत नाहीत. सून त्यांना रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसवते. बेबीताई गेल्या पावसाळ्यात पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या, पण तोंड शाबूत आहे. मी याच शहरात, विपुलकडे राइट टाऊनमध्ये असते.

दिनकरभाऊजी २०२४ च्या दिवाळीनंतर गेले. आजार असा काही नव्हता. गीता सांगते की ते दिवसभर गॅलरीत बसत, कोणाला त्रास देत नसत, दुर्वाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडत. बोलणं कमी झालं होतं. क्षमानं त्यांचं सगळं केलं, शेवटपर्यंत.

क्षमा नागपूरला आहे. दुर्वा आता तिच्याशिवाय झोपत नाही. रविवारी आमचा फोन होतो. भाऊजींचा विषय निघाला की ती रडते, मग थोडी थांबते आणि दर वेळी तेच म्हणते, "ताई, माझ्या मनातलं त्यांना कळलं होतं हो. मी एक अक्षर बोलली नाही, तरी कळलं. असा नवरा कोणाला मिळते?"

मी हो म्हणते.